राणी मेली, कामकरी उरल्या: नवी राणी देण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात हौसेने मुंग्या पाळणारे मोजकेच, पण त्यांचे प्रश्न वर्षभर येत राहतात. मे महिन्यात 'राणी मेली हो' आणि मृग लागला की 'गेटच्या दिव्याखाली राणी सापडली, जुन्या कामकऱ्यांत सोडू का?' पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांच्या हातात आत्ता नळी (मुंग्या ठेवायची काचेची टेस्ट ट्यूब) आहे आणि राणी सोडायच्याच बेतात आहेत, त्यांनी आधी प्रश्न ६ आणि ८ वाचावेत. बाकीचं सावकाश.

१. राणी मेली हे नक्की कसं ओळखायचं? मला तर ती दिसतच नाही.

आधी दिव्याचा प्रश्न सोडवा. मुंग्यांना लाल उजेड फारच कमी दिसतो, म्हणून नळीवर किंवा घरट्याच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावा. दोन दिवसांत त्या उघड्यावर बसू लागतात आणि राणी असली तर दिसते.

मग कचऱ्याचा कोपरा बघा. मुंग्या मेलेल्यांना एका जागी नेऊन टाकतात. राणीची छाती कामकरीपेक्षा कितीतरी जाड असते आणि पाठीवर पंख गळल्याच्या खुणा असतात, त्यामुळे तुकडे झाले असले तरी ओळखू येते.

दोन गोष्टींनी फसगत होते. एक, मेलेल्या राणीला कामकरी काही दिवस चाटत राहतात, तिच्याभोवती घोळका करून बसतात. त्यामुळे घोळका आहे म्हणजे राणी जिवंत आहे असं नाही. तिच्या मिशा हलतात का ते बघा. दुसरं, अंडी नाहीत म्हणजे राणी मेली असंही नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा बऱ्याच राण्या अंडी घालणं थांबवतात. थंडीत घाईने निष्कर्ष काढू नका.

२. राणीशिवाय कामकरी किती जगतात?

जातीवर आहे. बारीक जातींच्या कामकरी काही महिने, मुंगळ्यांसारख्या मोठ्या जातीच्या वर्षभर किंवा जास्तही. राणी गेली म्हणून त्या लगेच मरत नाहीत. खातात, पितात, घर साफ ठेवतात, उरलेल्या अळ्या वाढवतात. फक्त नवी भर पडत नाही. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, 'आजच काहीतरी केलं पाहिजे' अशी वेळ नसते.

राणीचं आयुष्य मात्र वेगळ्याच मापाचं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची, म्हणजे लॅसियस नायगरची, एक राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. एकदाच्या मिलनात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या पिशवीत जन्मभर साठवून ठेवते.

३. राणी कशाने मेली, हे शोधणं गरजेचं आहे का? मला तर नवी राणी हवी आहे.

गरजेचं आहे, कारण ज्याने पहिली मेली त्यानेच दुसरीही मरेल. नागपुरातली नेहमीची कारणं तीन.

उष्णता. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीत, खिडकीशी ठेवलेली काचेची नळी भट्टी होते. नळी घरातल्या सगळ्यात आतल्या भिंतीशी, जमिनीलगत ठेवा. कूलरच्या खोलीत ठेवली तर उत्तम, पण थेट झोताखाली नको. बाहेरून गार आणि आतून दमट झाली की काचेला पाणी सुटतं आणि बारीक कामकरी त्यात चिकटून मरतात.

विष. डासांची कॉइल, भिंतीत खोचायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, या सगळ्यांत कीटक मारणारीच रसायनं असतात आणि मुंगी हा कीटकच आहे. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की नळ्या डब्यात घालून झाकण लावा. घरात सापडलेलं मेलेलं झुरळ मुंग्यांना कधीही देऊ नका, ते कशाने मेलं हे तुम्हाला माहीत नसतं.

आणि तिसरं कारण म्हणजे आपणच. रोज उचलून बघणं, मित्र आले की दाखवणं, टॉर्च मारणं. नवी राणी सततच्या धक्क्यांनी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

४. कामकरी स्वतःच नवी राणी का तयार करत नाहीत? मधमाश्या तर करतात.

मधमाश्यांचं पोळं राणी गेल्यावर कोवळ्या अळीला राजान्न भरवून, अंड्यापासून मोजलं तर साधारण सोळा दिवसांत, नवी राणी उभी करतं. ती उडून जाते, नरांशी मिलन करून परत येते आणि काम सुरू होतं.

मुंग्यांमध्ये दोन अडचणी. राणी होणारी अळी वाढवायला बहुतेक जातींत वसाहत मोठी लागते, खाणं भरपूर लागतं आणि मोसम जुळावा लागतो. नळीतल्या तीसचाळीस कामकऱ्यांना ते झेपत नाही. आणि समजा झाली पंखवाली राणी, तरी तिला आकाशात उडून दुसऱ्या वसाहतीच्या नराशी मिलन करायचं असतं. तुमच्या कपाटात ते होत नाही. काही जाती याला अपवाद आहेत, त्या प्रश्न १६ मध्ये.

५. पण माझ्या कामकऱ्यांनी राणी मेल्यावर अंडी घातली आहेत! म्हणजे वसाहत वाचली ना?

नाही. कामकरी मादीच असतात, पण त्यांचं मिलन झालेलं नसतं. मुंग्यांमध्ये फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. त्यामुळे या अंड्यांतून निघाले तर नरच निघतील: लहान डोकं, बारीक अंग, पंख. ते घरकाम करत नाहीत, खाणं आणत नाहीत, थोड्या दिवसांत मरतात. शिवाय काही अंडी फक्त एकमेकींना खायला घातलेली असतात.

हे मुंगळ्यांसारख्या जातींत दिसतं. फायडोले, सोलेनॉप्सिस (चावणाऱ्या लाल मुंग्या) आणि मोनोमोरियम (घरातल्या बारीक मुंग्या) या गटांच्या कामकऱ्यांना अंडाशयच नसतात, त्या एकही अंडं घालू शकत नाहीत. त्यामुळे मोठ्या डोक्याच्या शिपायांची फायडोले तुमच्याकडे असेल आणि ताजी अंडी दिसत असतील, तर राणी जिवंत आहे. नीट शोधा.

६. बाहेर सापडलेली राणी सरळ कामकऱ्यांत सोडली तर काय होईल?

बहुधा मारतील. राणी मेली म्हणून कामकरी नव्या राणीची वाट बघत बसलेल्या नसतात.

मुंगीच्या अंगावर मेणासारख्या हायड्रोकार्बन रसायनांचा पातळ थर असतो. एकमेकींना चाटून आणि तोंडातून तोंडात अन्न देऊन सगळ्या वसाहतीचा मिळून एक वास तयार होतो. हा वास म्हणजेच त्यांचं रेशनकार्ड. मिशी लावली, वास जुळला तर घरची, नाही जुळला तर परकी. परकी राणी ही तर मोठ्या आकाराची परकी.

मुंगळ्यांच्या नळीत हे कसं घडतं ते सांगतो. राणी आत शिरते आणि पहिला अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग एक कामकरी मिशा लावते, झटक्यात मागे सरकते, जबडे उघडते. दुसरी येते आणि राणीची मिशी मुळाशी धरते. तिसरी मागचा पाय धरून उलट्या दिशेने ओढायला लागते. राणी पोट जमिनीला दाबून, अंग आखडून बसते, ती फारसा प्रतिकारही करत नाही. चौथी पोट पुढे वळवून आम्ल फवारते. इथवर आलं की राणी बाहेर काढली तरी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी मेलेली सापडते, कारण एखादी मिशी किंवा पाय तुटलेला असतो आणि बंद नळीत ते आम्ल तिलाही बाधतं.

एका राणीत पंधरा-वीस वर्षांची वसाहत असू शकते. चाळीस म्हाताऱ्या कामकऱ्यांसाठी तिला पणाला लावणं हा तोट्याचा सौदा आहे, हे माझं मत मी प्रत्येकाला सांगतो.

७. मग यूट्यूबवर लोकांना जमतं ते कसं?

तिथे बऱ्याचदा जात वेगळी असते. युरोप-अमेरिकेतल्या थंड भागांत काही राण्या जन्मजात घुसखोर असतात. लॅसियस अम्ब्रेटसची राणी आधी एखादी कामकरी पकडून मारते, तिचा वास अंगाला लावते आणि मग दुसऱ्या जातीच्या घरट्यात शिरते. पॉलिअर्गसची राणी थेट यजमान राणीलाच मारून तिला चाटत बसते. अशा राण्यांना परक्या कामकरी देणं हाच त्यांना वाढवायचा मार्ग आहे, म्हणून तिकडचे लोक ते करतात आणि व्हिडिओ टाकतात. आपल्या मुंगळ्याची राणी तशी नाही. ती एकटीच बिळात बसून, स्वतःच्या पंखांचे स्नायू विरघळवून पहिली पिल्लं वाढवते. तिला कोणाच्या कामकऱ्यांची गरजच नसते.

शिवाय जमलेले व्हिडिओ टाकले जातात, फसलेले टाकले जात नाहीत.

८. मग सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग कोणता?

उलटा. राणी कामकऱ्यांना देऊ नका, कामकऱ्यांचे कोश राणीला द्या.

अंडी, अळ्या आणि विशेषतः कोश यांच्याबाबत मुंग्या फार उदार असतात. त्याच जातीचा परका कोश राणी आपलाच समजून सांभाळते. त्यातून निघालेली पिल्लू-कामकरी फिकट, जवळजवळ दुधी रंगाची असते. तिच्या अंगावर वसाहतीचा वास अजून बसलेला नसतो. डोळे उघडताच तिला जी राणी भेटते तीच तिची राणी. झाडावर पानं शिवून राहणाऱ्या ओइकोफिला मुंग्यांची शेती करणाऱ्यांसाठी हे पद्धतशीर तपासलं गेलं आहे: नव्या राणीला परक्या वसाहतीचे कोश दिले की तिची वसाहत झपाट्याने वाढते.

करायचं असं. जुनी वसाहत राणीहीन झाली की आधी मोजा, कोश किती आणि मोठ्या अळ्या किती. नवी राणी तिच्या स्वतःच्या नळीत असू द्या: तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापूस, पुढे मोकळी जागा, तोंडाला कापूस. तिची स्वतःची अंडी घालून झालेली असली तर बरं, कारण पिल्लं असलेली राणी जास्त शांत असते. मऊ, ओला केलेला कुंचला घ्या आणि पाचसहा कोश तिच्या नळीच्या तोंडाशी ठेवा. तिच्या अंगावर टाकू नका. कापूस लावा, नळी झाका, दिवसभर बघू नका. दुसऱ्या दिवशी कोश आत, तिच्या अंड्यांजवळ नेलेले दिसले की काम झालं. मग आणखी पाचसहा. एकदम पन्नास दिले तर एकटी राणी त्यांना स्वच्छ ठेवू शकत नाही आणि बुरशी धरते.

मुंगळ्यांचे कोश तपकिरी रेशमी आवरणात असतात आणि आतल्या मुंगीला बाहेर यायला मदत लागते. राणी ती करते, आपल्या पहिल्या पिल्लांनाही तीच बाहेर काढते. फायडोले आणि सोलेनॉप्सिसचे कोश उघडे असतात, तिथे हा प्रश्नच नाही. तुम्ही मात्र सुईने कोश फाडायला जाऊ नका.

जात तीच हवी, हे सांगायला नको. 'दिसायला सारखी' पुरत नाही.

९. माझ्याकडे कोश उरलेच नाहीत, फक्त मोठ्या कामकरी आहेत. काहीच मार्ग नाही का?

मार्ग आहे, पण खात्री नाही. आणि हातात एकच राणी असेल तर तो वापरू नका, असंच सांगेन. दोन-तीन राण्या असतील तर एकीवर करून बघा.

कमीत कमी कामकरी आणि त्यातल्या सगळ्यात लहान वयाच्या, हे सूत्र धरा. फिकट रंगाच्या, पोरांजवळ बसणाऱ्या घ्या. बाहेर फिरून खाणं आणणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या असतात आणि त्याच आधी चावतात. जुनी मेलेली राणी अजून नळीत असेल तर आधी ती काढा. तिचा वास आहे तोवर कामकऱ्यांना राणी आहे असंच वाटू शकतं.

आधी काही दिवस राणी आणि कामकरी दोघींना एकच खाणं द्या: तेच साखरपाणी, त्याच किड्याचे तुकडे. खाण्यानेही अंगाचा वास बदलतो, त्यामुळे फरक थोडा कमी होतो, पुसला मात्र जात नाही. मग जाळीची पायरी. दोन नळ्या तोंडाला तोंड लावून मध्ये चहाच्या स्टीलच्या गाळणीतला तुकडा बसवा. नायलॉनची जाळी मुंगळे कुरतडतात. दोनचार दिवस त्या जाळीतून मिशा लावतील. जबडे उघडून जाळीला चावत असतील तर पुढे जाऊच नका.

शांत झाल्या तर दोनतीन कामकरी गार करून नव्या, स्वच्छ नळीत राणीसोबत ठेवा. गार करण्याबद्दल प्रश्न १० बघा. नळी शक्यतो नवीच हवी. कामकऱ्यांच्या जुन्या नळीत राणी टाकली तर त्यांचं घर राखण्याचं काम सुरू होतं. राणीच्या नळीत त्या आल्या तर त्याच बिचकलेल्या असतात, तेही चालतं. या दोनतीन जणींनी राणीला मानलं की आठवड्याने आणखी दोन. बाकीच्यांना एकदम सोडायचं नाही.

१०. फ्रिजमध्ये किती वेळ ठेवायचं? काही जण फ्रीझर सांगतात.

फ्रीझर नाही. खाली भाजीच्या ट्रेमध्ये, नळी रुमालात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. मुंगी चालायची थांबली, पण चिमट्याने हलवल्यावर पाय हलवते, इतकं पुरे. आपल्या मुंग्या गरम हवेच्या आहेत, त्यांना युरोपातल्या मुंग्यांसारखी महिनोन्महिने थंडीत झोपायची सवय नाही. थंडीने वास बदलत नाही, फक्त पहिला झटका टळतो. कामकरी गरम होता होता राणीजवळ जाग्या होतात, आणि पुढचं त्यांच्या नाकावर.

११. राणीला स्वीकारलं की नाही हे कसं कळणार?

चांगली चिन्हं: मिशा हळू लावणं, अंग चाटणं, तोंडाला तोंड लावून अन्न देणं, राणीच्या अंड्यांचा पुंजका उचलून धरणं, तिच्याजवळ दाटीने बसणं.

वाईट चिन्हं: उघडे जबडे, झटके, पोट पुढे वळवणं. कोणी राणीची मिशी किंवा पाय धरून एका दिशेने ओढत असेल तर वाट बघू नका, दोघींना लगेच वेगळं करा. ओढणारी कामकरी सुटत नसेल तर नळी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा, जबडा सैल पडतो. चिमट्याने खेचलंत तर राणीचा पाय तुटून येईल.

मधलं एक चिन्ह आहे: राणी एका टोकाला, कामकरी दुसऱ्या टोकाला, कोणी कोणाला विचारत नाही. याला स्वीकारणं म्हणत नाहीत. पहिला दिवस शांत गेला आणि तिसऱ्या दिवशी राणी मेली, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. आठवडाभर रोज एकदाच, लाल उजेडात, बघत राहा.

१२. मेलेली राणी चुरडून तिचा रस नवीला लावला तर? किंवा मैदा, टाल्कम पावडर?

मेलेल्या राणीचा वास लावला तरी तो वरवरचा. नवी राणी स्वतःला साफ करते आणि तिचा स्वतःचा वास सतत तयार होतच असतो. चुरडल्यावर पोटातले नको ते द्रवही लागतात, त्यात घाबरल्याचा इशारा देणारी रसायनंही असू शकतात. मैदा-पावडरने कामकरी अंग झाडण्यात गुंततात, त्या झाडून मोकळ्या झाल्या की गाडी मूळ पदावर. पावडर राणीच्या श्वासाच्या छिद्रांत जाते ते वेगळंच. टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून डब्याच्या कडेला लावा, मुंग्या चढत नाहीत. तिचा उपयोग तेवढाच.

१३. नागपुरात नवी राणी केव्हा आणि कुठे मिळेल?

पहिल्या दोनतीन मोठ्या सरींनंतर. आपल्याकडे मान्सून साधारण जूनच्या मध्यात येतो. दिवसभर उकडून संध्याकाळी पाऊस थांबला, वारा पडला आणि जमिनीतून वाफ यायला लागली की पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात. सोसायटीच्या गेटचा दिवा, पेट्रोल पंपाची छत्री, पानठेल्याची ट्यूबलाइट, गच्चीवरची पाण्याची टाकी, हे सगळे अड्डे. आकाशातल्या झुंडीतली पकडू नका. जमिनीवर, पंख गळालेली आणि एकटीच लगबगीने बीळ शोधत चालणारी उचला.

वाळवीचे पंखवाले किडेही त्याच दिव्याखाली असतात आणि दरवर्षी कोणीतरी तेच नळीत भरून फोटो पाठवतं. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरात वाकलेल्या, कंबर बारीक.

सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा वनखात्याच्या अखत्यारीतल्या जागा आहेत, तिथून काहीही उचलायचं नाही. आणि राणीसाठी भरलेलं वारूळ खणायचं तर कुठेच नाही. राणी खोल असते, बहुधा मिळत नाही, वसाहत मात्र उद्ध्वस्त होते.

१४. तिचं मिलन झालेलं आहे हे कसं कळणार? पंख तर गळालेले आहेत.

पंख गळणं हा पुरावा नाही, काही कुमारी राण्याही पंख टाकतात. खरा पुरावा एकच: तिने एकटीने घातलेल्या अंड्यांतून कामकरी निघणं. गरम दिवसांत मुंगळ्यांना त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर थांबा. नुसते नर निघाले तर ती राणी तुमच्या वसाहतीच्या काहीच उपयोगाची नाही, आणि कोश देण्याआधी हे कळलेलं बरं. राणीहीन वसाहतीचे कोश संपत आले असतील तर मात्र थांबायला वेळ नसतो. मग निम्मे कोश द्या, निम्मे मागे ठेवा.

१५. एकाच रात्री दोन राण्या सापडल्या. एकाच नळीत ठेवू का?

वेगळ्या ठेवा. काही जातींत राण्या मिळून घर मांडतात, पण कामकरी आल्या की बऱ्याचदा एक उरते आणि बाकीच्या मारल्या जातात. वेगळी ठेवलेली दुसरी राणी हा तुमचा राखीव खेळाडू आहे. प्रश्न ९ मधला प्रयोग करायचाच असेल तर तिच्यामुळेच करता येईल.

१६. घरातल्या साखरेच्या डब्यात येणाऱ्या बारीक मुंग्या पाळल्या आहेत. त्यांच्यातही हेच नियम?

नाही, इथे खेळ वेगळा आहे. पिवळसर फेरो मुंगी, म्हणजे मोनोमोरियम फेराओनिस, तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात आणि त्यांचं मिलन घरट्यातच होतं. राण्या गेल्या आणि अंडी-अळ्या शिल्लक असल्या तर कामकरी त्यांतून नव्या राण्या आणि नर वाढवतात. म्हणून यांना घरातून घालवणं कठीण. डोकं काळं आणि पोट फिकट असलेली भूतमुंगी, टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम, तीही बहुराणी जात. लांब पायांनी सैरावैरा पळणाऱ्या काळ्या वेड्या मुंगीतही अनेक राण्या नांदतात. या जातींना राणी देण्यापेक्षा अळ्यांसकट थोडी वसाहत देणं सोपं.

फक्त एक. या सगळ्या कापसातून आणि झाकणाच्या फटीतून निसटतात. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला सांगायची तयारी ठेवा.

१७. चावणाऱ्या लाल मुंग्यांचं काय? त्या तर भरपूर राण्या ठेवतात म्हणे.

सोलेनॉप्सिस जेमिनाटामध्ये एकराणी आणि बहुराणी अशा दोन्ही तऱ्हेच्या वसाहती असतात. बहुराणी वसाहतीच्या कामकरी जास्तीची राणी घेण्याची शक्यता जास्त, एकराणीच्या कामकरी तिला मारतात. तुमच्याकडची कोणती हे बाहेरून कळत नाही, म्हणून प्रश्न ८ मधलाच मार्ग. यांचा डंख जळजळीत असतो आणि काही लोकांना त्याची जोराची ॲलर्जी येते. घरात लहान मूल असेल तर ही जात मुळात पाळू नका.

१८. माझ्या मोठ्या काळ्या, अंगावर बारीक रेघा असलेल्या मुंग्यांत राणी कधी दिसलीच नाही. ती मेली का?

ती बहुधा डायकॅमा असेल, आणि तिच्यात राणी नसतेच. या मुंग्या जन्मतः छातीवर पंखांच्या जागी दोन इवले गोळे घेऊन येतात. वसाहतीतली वरचढ मादी बाकी सगळ्यांचे गोळे चावून काढते, ज्यांचे गेले त्या मिलन करत नाहीत. जिचे शाबूत राहतात तीच बाहेरच्या नराशी मिलन करून अंडी घालते. ती मेली तर पुढे जन्मणारी एखादी आपले गोळे राखते, पण तिला नर हवा आणि तो बाहेरून उडत यावा लागतो. त्यामुळे बंद नळीत हीही वसाहत शेवटी संपते. बाहेरची 'राणी' आणून देण्याचा इथे प्रश्नच येत नाही.

दक्षिण भारतातली उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नाथोस सॉल्टेटर, याहून अजब. तिच्यात राणी असते, पण ती मेली की कामकऱ्यांमध्ये मिशांची लढाई लागते. जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात, त्यांचा मेंदू २० टक्क्यांच्या आसपास आक्रसतो आणि आयुष्य महिन्यांवरून वर्षांवर जातं. त्या घरातल्याच नरांशी मिलन करतात म्हणून हे जमतं. नागपुरात ही मिळत नाही, पण 'माझ्या मुंग्यांतही असंच होईल ना?' असा प्रश्न येतो म्हणून लिहिलं. होणार नाही.

१९. आंब्याच्या झाडावरच्या, पानं शिवणाऱ्या लाल मुंग्यांचं एक घरटं काढून आणलं, त्यात राणी नाही. आता?

त्या ओइकोफिला. बस्तरमध्ये चापडा चटणी होते त्याच. एकच वसाहत कित्येक पानांची घरटी बांधते आणि राणी सहसा त्यातल्या एकाच घरट्यात असते. म्हणजे राणी मेलेली नाही, ती झाडावर आहे. घरटं त्याच झाडाला परत बांधा. दुसऱ्या झाडाला नको, तिथली वसाहत त्यांना मारून टाकेल.

२०. कशालाच यश आलं नाही. उरलेल्या कामकऱ्यांना बाहेर सोडू का?

जिथून राणी उचलली तिथे सोडणं बेकायदा नाही, पण त्या जगणार नाहीत, शेजारची वसाहत त्यांना फाडते. नळीतच राहू द्या. पाणी, आठवड्यातून दोनदा साखरपाणी, आणि अळ्या असतील तोवरच किडे. अळ्या संपल्या की मोठ्यांना गोडावर भागतं. एखाद्या शाळेतल्या मुलाला मुंग्या बघायला द्यायच्या असतील तर यांच्याहून उत्तम दुसऱ्या नाहीत: पळून गेल्या तरी घरात वसाहत होत नाही.

२१. परदेशी जातीची राणी ऑनलाइन मिळते आहे. मागवू का?

नाही. परदेशातून जिवंत कीटक आणायला सरकारी परवानगी लागते आणि हौशी माणसाला ती मिळण्याजोगी नसते. परकी जात निसटून पसरली की काय होतं हे जगभर बघून झालं आहे. शिवाय अशा राण्या येतात कुठून, तेही बघा. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राण्या नळ्यांत भरलेल्या सापडल्या, त्यांत मेसर सेफॅलोटीज जातीच्या होत्या, आणि न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला.

देशातल्याच विक्रेत्याकडून घेत असाल तर तीन गोष्टी विचारा: जात नक्की कोणती, राणीसोबत तिच्याच पोटच्या कामकरी आहेत का, आणि ती कोणत्या जिल्ह्यातून पकडली. 'मिलन झालेली राणी' असं लिहून एकटी राणी विकत असतील तर प्रश्न १४ आठवा. कुरिअरने मागवायची तर एप्रिल-मे टाळा, आपल्याकडच्या उन्हात डिलिव्हरीच्या गाडीतला तो डबा संध्याकाळपर्यंत उकळून निघतो.